३२ची पट्टी द्या

टीव्ही दुकानात यायच्या आधी फोन येतो, आणि प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ३२ची पट्टी बदलायला किती घेता?" पट्टी म्हणजे टीव्हीच्या काचेमागे उजेड देणारी, म्हणजे बॅकलाइटची, एलईडीची ओळ. कधी ३२च्या जागी ४३ असतं, हल्ली ५५ही असतं. मी इंचावर भाव सांगत नाही. त्यामुळे चार गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जातात, जाऊ देत. इंच हे काचेचं माप, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलेलं. आत पट्ट्या किती, एका पट्टीवर एलईडी किती, ते ३ व्होल्टचे की ६ व्होल्टचे, त्यावरचं भिंग कसलं, यातलं काहीही त्या आकड्यात नसतं. एकाच कंपनीचं, एकाच मॉडेल नंबरचं ३२ इंची मी दोनदा उघडलंय आणि आत दोन वेगळ्या पट्ट्या बघितल्यात. मागच्या स्टिकरवर सगळं तेच, फक्त पॅनलच्या कोडची शेवटची अक्षरं वेगळी.

दुकान बार्शीत आहे, मूळ आप्पांचं. त्यांनी रेडिओपासून सुरुवात केली, मग पिक्चर ट्यूबचे टीव्ही. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड केला आणि त्यांच्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. मधल्या काळात जे पहिले एलसीडी आले त्यांच्या काचेमागे सीसीएफएलच्या नळ्या असायच्या, पेन्सिलीपेक्षा बारीक, आत थोडा पारा, आणि त्या पेटवायला जास्त व्होल्टेज देणारा वेगळा बोर्ड, त्याला इन्व्हर्टर म्हणत. त्या नळ्या गेल्या आणि त्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या, एवढाच काय तो फरक. पण खोक्यावर 'एलईडी टीव्ही' असं छापलं गेलं, त्यामुळे लोकांना वाटतं की चित्रच एलईडीचं आहे. चित्र अजूनही एलसीडीची काचच तयार करते. तिला स्वतःचा उजेड नाही. मागून उजेड आला नाही तर चित्र असूनही दिसत नाही.

आणि हीच तक्रार घेऊन निम्मे टीव्ही येतात: आवाज येतो, चित्र नाही. मी दुकानातला दिवा बंद करते, टीव्ही चालू करते आणि मोबाइलची टॉर्च स्क्रीनला अगदी तिरकी लावते. काळ्या काचेत बातम्यांची पट्टी सरकताना अंधुक दिसली की बोर्ड आणि पॅनल, म्हणजे चित्राची काच, दोन्ही जिवंत आहेत, गेलाय तो फक्त उजेड. गिऱ्हाइकाला मी हे मुद्दाम दाखवते. "अरेच्चा, चित्र आहे की!" असं तो स्वतः म्हणाला की पुढचं सगळं बोलणं सोपं जातं.

आडत्याच्या पेढीवरचं एक ३२ इंची असंच आलं होतं. बटण दाबलं की स्क्रीन एक क्षण उजळायची आणि लगेच काळी. याचं कारण पट्टीच्या जोडणीत आहे. सगळे एलईडी एकामागोमाग एक जोडलेले असतात, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक उडाला की वाट तुटते. ड्रायव्हर, म्हणजे पट्टीला करंट पुरवणारं सर्किट, करंट ढकलायला बघतो, करंट जात नाही म्हणून व्होल्टेज चढवत नेतो, एका मर्यादेला पोचला की स्वतःला बंद करून घेतो. कधी उडालेला एलईडी थंड असताना टेकतो आणि तापला की सुटतो, मग तो क्षणभराचा उजेड दिसतो. मीटर लावून बघितलं तर ड्रायव्हरच्या कनेक्टरवर व्होल्टेज झपकन वर जाऊन खाली येतं. ते वर जातच नसेल, तर दोष पट्टीत नाही, ड्रायव्हरमध्ये आहे, आणि मग काच उचलायचं काही कारणच नाही. एवढं न बघता जे थेट पॅनल उघडतात त्यांचं मला नवल वाटतं.

त्याच्याही पुढची खात्री बॅकलाइट टेस्टरने होते. छोटा डबा असतो, दोन पिना, ३०० व्होल्टपर्यंत देतो पण करंट अगदी कमी. पट्टीचा कनेक्टर बोर्डवरून काढायचा आणि तिथेच पिना लावायच्या. माळ चांगली असेल तर आतून उजेड दिसतो आणि डब्यावर आकडा येतो. ३ पट्ट्या, प्रत्येकीवर ७ एलईडी, ३ व्होल्टचे असतील तर साधारण ६३. तोच आकडा दुपटीच्या आसपास आला तर ६ व्होल्टचे. माळ तुटलेली असेल तर आकडा वरच्या टोकाला जाऊन बसतो आणि उजेड नाही. करंट कमी असला तरी पिनेला बोट लावू नये. आप्पा ईएचटीच्या, म्हणजे पिक्चर ट्यूबच्या हजारो व्होल्टच्या, जमान्यातले. त्यांना या झटक्याचं काही वाटत नाही, पण हात झटकला की कोपर काचेवर पडतं.

आता उघडायचं. टेबलावर जाड सतरंजी, तिच्यावर धुतलेली चादर. टीव्ही पालथा. मागचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात, स्टँडचे लांब, कडेचे आखूड, एखादा लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर पुढे पट्टीत किंवा काचेत घुसतो. मी अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये स्क्रू त्याच क्रमाने ठेवते. मागचं झाकण निघालं की आधी पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर उतरवायचा. २३० व्होल्टचा एसी आत डीसी होऊन ३२५च्या घरात जातो आणि प्लग काढला तरी काही वेळ तिथेच बसलेला असतो. साध्या ६० वॉटच्या बल्बला दोन वायरी जोडून ठेवल्यात, त्या कपॅसिटरला टेकवल्या की बल्ब लुकलुकतो आणि काम होतं. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची फुशारकी मला आवडत नाही.

त्या आडत्याच्या टीव्हीत आत धान्याचा भुसा होता, बारीक, पिवळसर, प्रत्येक फटीत. ब्लोअरने तो आधी दुकानाबाहेर जाऊन काढला. काच उचलल्यावर असला एक कण जरी शीटच्या मध्ये गेला तरी तो पुढे कायम काळा ठिपका म्हणून दिसतो.

खरं काम काच उचलण्यात आहे. पट्टी बदलणं कुणीही शिकेल. काचेच्या एका कडेला अरुंद पीसीबी, म्हणजे सर्किटचे बोर्ड, असतात आणि त्यांच्यापासून काचेपर्यंत पातळ फिल्मचे टॅब, त्यावरच चिप बसवलेली. एक टॅब जरी दुमडला, चिरला तरी स्क्रीनवर उभी रेघ येते किंवा पट्टाच्या पट्टा जातो. तो परत चिकटवायला बाँडिंग मशीन लागतं, ते बार्शीत नाही, आणि असलं तरी खर्च पाहता नवा टीव्ही बरा. म्हणून कडेची चौकट, बेझल, काढली की मी आधी त्या पीसीबी सोडवते, मग काचेला दोन व्हॅक्यूम कप लावते आणि काच व पीसीबी एकत्र, एका पातळीत उचलते. ३२ इंची काच ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० उंच, एकटीला जमते. काच फोमवर आडवी ठेवायची. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली काच कुणाच्या तरी पायाने फुटतेच.

हे करताना पंखा बंद. पंख्याने धूळ उडते आणि खालच्या शीट उडतात. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद करून काम म्हणजे काय ते सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. कपाळाचा एक थेंब शीटवर पडला तर डाग राहतो, पुसायला गेलं तर ओरखडा येतो. म्हणून काच उचलायची कामं मी सकाळी दुकान उघडल्याउघडल्या करते आणि दुपारी फक्त सोल्डरिंग.

काचेखाली दोन-तीन पातळ शीट आणि त्यांच्याखाली उजेड सारखा पसरवणारा जाड दुधी डिफ्युजर. प्रत्येक शीटला कडेला छोटे कान असतात, ते कुठल्या खुंटीत बसतात ते मोबाइलवर फोटो काढून ठेवायचं. एका शीटवर सूक्ष्म खाचा असतात, बोटाला जेमतेम कळतात, त्या वर ठेवायच्या. शीट उलटी किंवा क्रम बदलून गेली तर टीव्ही लागतो, पण चित्र मळकट दिसतं आणि बाजूने बघितलं तर भलतंच. दुसरीकडे पट्टी बदलून आलेले टीव्ही 'पहिल्यासारखे दिसत नाहीत' म्हणून येतात, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पट्टी बरोबर असते, शीटच उलटी असते.

डिफ्युजर उचलला की पांढरा रिफ्लेक्टर, त्याला गोल भोकं, भोकातून डोकावणारी भिंगं. गेलेला एलईडी टेस्टरशिवायही ओळखू येतो: भिंगाखाली काळा ठिपका आणि आजूबाजूचा कागद तपकिरी. आडत्याच्या टीव्हीत मधल्या पट्टीवरचा एकच पूर्ण गेला होता आणि शेजारचे दोन मंद होते. "एकच बदला की ताई, बाकीचे चालू आहेत," तो म्हणाला. सगळे म्हणतात. पण बाकीचे त्याच वयाचे, तितकेच तापलेले. एक बदलला की थोड्या महिन्यांत शेजारचा जातो आणि काच पुन्हा उचलावी लागते. प्रत्येक वेळी काच उचलणं म्हणजे टॅबचा धोका पुन्हा पत्करणं. पट्ट्यांचा पूर्ण सेट काही शे रुपयांत येतो, मजुरी आणि जोखीम काचेची आहे. म्हणून माझ्याकडे पूर्ण सेटच, नाहीतर नाही.

सेट मागवायचा तर पुण्याला फोन. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत आमचा ठरलेला दुकानदार आहे, आप्पांच्या वेळेपासूनचा. त्याला "३२ची द्या" म्हटलं तर तो हसतो. "कोड बोला." कोड पट्टीवर छापलेला असतो. तो पुसला असेल तर मग माझी वही: पट्टीची लांबी मिलिमीटरमध्ये, एलईडी किती, एका एलईडीच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंत अंतर, स्क्रूची किंवा क्लिपची भोकं कुठे, कनेक्टर कुठल्या टोकाला, व्होल्ट, आणि भिंगाचा आकार. एवढं सांगितलं की तो म्हणतो, "पाठवतो," आणि पार्सल एसटीने येतं.

व्होल्टवर मी फार वेळ घालवते, कारण ३ आणि ६ व्होल्टचे एलईडी वरून सारखेच दिसतात. ६ व्होल्टच्यात आत दोन चिप एकापुढे एक असतात, भिंग काढून नीट बघितलं तरच कळतं. ३च्या जागी ६ची पट्टी लावली तर ड्रायव्हरला दुप्पट व्होल्टेज लागतं, तो मर्यादेला जाऊन बंद होतो आणि माणूस म्हणतो, नवी पट्टीही खराब निघाली. ६च्या जागी ३ची लावली तर टीव्ही लागतो, पण करंट तोच आणि व्होल्ट निम्मे, म्हणजे उजेडही निम्म्यावर. हे दुसरं जास्त वाईट, कारण तो टीव्ही 'दुरुस्त' होऊन घरी जातो.

नवी पट्टी चिकटवताना खालचा पत्रा स्पिरिटने पुसायचा, जुन्या टेपचा कणही ठेवायचा नाही. पट्टीची पाठ ॲल्युमिनियमची असते ती उगाच नाही, एलईडीची उष्णता पत्र्यात उतरवायला असते. मध्ये फुगवटा राहिला तर तिथलाच एलईडी आधी जातो. मग अधिक-उणे तपासून कनेक्टर, आणि शीट टाकायच्या आधी टीव्हीच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर निदान अर्धा तास उघडी पेटवून ठेवायची. डोळ्यांना त्रास होतो, मी वर एक चादर धरते आणि कडेने बघते. काही लुकलुकणारं असेल तर ते आत्ताच कळावं, काच बसवल्यावर नको. त्यानंतर शीट, फुंकर मारायचा रबरी गोळा, काच, आणि अंधारात पूर्ण पांढरी स्क्रीन लावून तपासणी.

इंचाचा प्रश्न मला पूर्ण कळला तो एका ४३ इंचीवर. वहिनींनी तक्रार अशी सांगितली: "मालिकेतल्या सगळ्या बायका वरून गोऱ्या आणि खालून सावळ्या दिसतात." टीव्ही आधी कुठेतरी उघडलेला होता. ४ ओळींपैकी वरच्या २ नव्या, खालच्या २ जुन्या. नव्या पट्टीचा उजेड निळसर पांढरा, जुन्यांचा पिवळट आणि मंद. हे तर डोळ्यांना दिसत होतं. पण वरच्या नव्या पट्ट्यांच्या वरच्या कडेला स्क्रीनवर गोल गोल छाया का, ते लगेच कळेना. पट्टी लांबीला बरोबर, एलईडी दोन्हींत ८, व्होल्ट बरोबर.

मग मी टेप काढून मोजत बसले. ४३ इंचीची काच ९५ सेंटिमीटर रुंद, साडेत्रेपन्न उंच. ४ ओळी म्हणजे एका ओळीच्या वाट्याला तेरा-साडेतेरा सेंटिमीटर उंची. ३ ओळींच्या ३२ इंचीतही ओळीला तेवढंच येतं, ४० भागिले ३. पण ३२ इंचीच २ ओळींचंही मिळतं, आणि तिथे एका ओळीला जवळजवळ २० सेंटिमीटर झाकायचे असतात. तेवढंच काम कमी एलईडींकडून करून घ्यायचं तर भिंग जास्त पसरवणारं लागतं आणि एलईडीत करंट जास्त. शिवाय भिंगापासून डिफ्युजरपर्यंतचं अंतर. जाड टीव्हीत उजेडाला पसरायला जागा मिळते, बारीक टीव्हीत तेवढ्याच जागेत त्याला जास्त रुंद फेकावं लागतं. म्हणजे भिंग टीव्हीच्या त्या जाडीसाठी आणि त्या ओळींच्या अंतरासाठी बनवलेलं असतं. वहिनींच्या टीव्हीत कुणीतरी वेगळ्या जाडीच्या टीव्हीची पट्टी बसवली होती. मी चारही बदलल्या, भिंगाच्या आकारासकट जुळणाऱ्या. तेव्हापासून वहीत एक रकाना वाढला: पत्र्यापासून डिफ्युजरपर्यंतचं अंतर.

'युनिव्हर्सल' म्हणून विकल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर माझा राग आहे तो यासाठी. त्या लागतात, नाही असं नाही. रिफ्लेक्टरची भोकं कात्रीने मोठी करून, दोन तुकडे वायरने जोडून, लांबी जमवून. शेतातल्या खोपीत बातम्या बघायला एवढं पुरतं आणि त्या माणसाला मी तेच लावून देते, सांगून. पण घरातल्या दिवाणखान्यात पांढऱ्या स्क्रीनवर चट्टे दिसतात, विशेषतः क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर.

चट्ट्यांचा आणखी एक प्रकार आहे, तो स्वस्तात सुटतो. स्क्रीनवर मोत्यांसारखे पांढरे ठिपके. गिऱ्हाईक म्हणतं पॅनल गेलं, कुणीतरी त्याला तसं सांगितलेलंही असतं. प्रत्यक्षात एलईडी चांगला असतो, उष्णतेने गोंद सुटून त्यावरचं भिंग घरंगळलेलं असतं, म्हणून उजेड पसरत नाही. भिंगाला खाली तीन बारीक पाय असतात, पट्टीवर त्यांच्या जागा दिसतात, तिथे परत चिकटवायचं. इपॉक्सीने. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ भिंगावर पांढरा थर सोडते, तो वापरू नये.

एज एलईडीवाल्या बारीक टीव्हीत हे भिंगबिंग काहीच नसतं. तिथे एकाच कडेला, बहुतेक वेळा खाली, एक लांब पट्टी आणि तिच्यावर दाटीने बसवलेले छोटे एलईडी, ७०२० म्हणजे ७ मिलिमीटर लांब, २ रुंद. त्यांचा उजेड जाड ॲक्रिलिकच्या शीटमध्ये कडेने शिरतो आणि शीटवरच्या ठिपक्यांमुळे पुढे येतो. इथे पट्टी मिलिमीटरभर जरी वाकडी बसली तर कोपऱ्यात उजेड गळतो. थर्मल टेप न लावता बसवलेली पट्टी फार दिवस टिकत नाही, कारण सगळी उष्णता एका कडेला. ४० इंचीचं असं काम मला आवडतं. मोजमाप चोख असलं की निकाल चोख येतो. २४ इंचीबद्दल सांगण्यासारखं काही नाही, फक्त क्लिपा फार नाजूक.

५५ इंची मी दुकानात आणू देत नाही. काच १२२ सेंटिमीटर रुंद, ६८ उंच, आणि बार्शीतल्या रस्त्यावरून टेम्पोत ती उभी धरून आणायची म्हणजे दुरुस्तीच्या आधीच निकाल. गिऱ्हाइकाच्या घरी जाते. पहिल्या वेळी मांडववाल्याकडून दोन टेबलं मागवून ती हॉलमध्ये जोडली, वर गाद्या नाही, कारण गादीत काच वाकते, तर फोमची सपाट शीट. भाच्याला सोबत घेतलं. चार व्हॅक्यूम कप, दोघांनी दोन बाजू, आणि तोंडाने एक-दोन-तीन म्हणूनच उचलायचं. एवढी मोठी काच उचलताना मध्ये झोल पडतो, आणि टॅबच्या बाजूचा माणूस जरा मागे राहिला तर संपलं. आप्पा खुर्चीवर बसून सूचना देत होते, त्या मी ऐकत होते असं नाही, पण त्यांचा आवाज चालू असला की भाचा शांत राहतो.

या मापात पट्टी एकसंध नसते. प्रत्येक ओळीचे डावा आणि उजवा असे दोन तुकडे, मध्ये छोट्या कनेक्टरने जोडलेले, आणि त्यांच्यावर एल, आर, ए, बी अशी अक्षरं. डाव्या तुकड्यावर एलईडी एक कमी, उजव्यावर एक जास्त, असंही असतं. अदलाबदल झाली तर भोकांशी जुळत नाही, म्हणून जुने तुकडे काढताच मी त्यांच्यावर मार्करने ओळीचा क्रमांक टाकते आणि नवे त्यांच्या शेजारी ठेवून बघते.

त्यातल्या एका ५५मध्ये टेस्टर लावला आणि सगळी पट्टी निळी पेटली. आप्पा खुर्चीतून उठले. "अगं, फॉस्फर उडाला काय सगळ्यांचा?" शंका रास्त होती. पांढरा एलईडी म्हणजे आत निळी चिप आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. थर खराब झाला की जुन्या पट्टीचा उजेड जांभळट-निळा होतो, तसे टीव्ही आमच्याकडे येतात. (निळा एलईडी जमायला जगाला फार वेळ लागला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं. आप्पांच्या टेबलावरचे जुने एलईडी लाल नाहीतर हिरवे असायचे, ते यामुळेच.) पण इथे सगळेच्या सगळे सारखेच निळे, आणि शीटच्या थरात एक पिवळसर शीट जास्तीची. क्वांटम डॉटवाला टीव्ही. त्यात पट्टी मुद्दाम निळी असते आणि ती शीट निळ्यातून लाल-हिरवा तयार करते. तिथे साधी पांढरी पट्टी लावली असती तर सगळे रंग पिवळटले असते. पुण्याच्या दुकानदाराने फोनवर आधी पांढरीच काढली होती. "निळी? नक्की?" म्हणून त्याने दोनदा विचारलं. त्या घरात टेबलं, काच आणि उघडा टीव्ही तसाच पांढऱ्या चादरीखाली झाकून ठेवावा लागला, पट्टी येईपर्यंत. घरच्यांनी हॉलमध्ये लहान मुलांना शिरू दिलं नाही, त्याबद्दल त्यांचे आभार.

पट्टी जाते कशाने, हे सगळे विचारतात. 'व्होल्टेजमुळे' असं म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं, वीज कंपनीवर ढकलता येतं. मी जे उघडून बघितलंय त्यावरून मुख्य कारण उष्णता. कमी एलईडी लावून शोरूममध्ये झगझगीत दिसावं म्हणून करंट चढा ठेवलेला असतो, आणि घरी आल्यावर तीच सेटिंग राहते. मेनूमध्ये बॅकलाइट नावाचा आकडा असतो, तो १०० वर. मी दुरुस्तीनंतर तो ६०-७० वर आणून देते. दिवसभर चालणारा टीव्ही असेल, दवाखाना, हॉटेल, पेढी, तर बोर्डावरही थोडं काम करते: ड्रायव्हरच्या करंट मोजणाऱ्या रेझिस्टर समांतर जोडलेल्या असतात, त्यातली एक काढली की करंट उतरतो. सगळ्यांच्यात नाही, सर्किट बघून. उजेड जरासा कमी होतो, दोन दिवसांत डोळा सरावतो. आडत्याच्या टीव्हीला हे दोन्ही केलं. पुढे काही कामाने पेढीवर गेले तर मेनूतला आकडा त्याने परत १०० वर नेलेला. "अंधार वाटत होता ताई." रेझिस्टर काढलेली असल्याने त्याचा १०० आता पूर्वीचा १०० नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

गॅरंटी पट्टीची देते, पूर्ण सेट असेल तरच. पॅनलची जबाबदारी कुणी घेत नाही, मीही उघडण्याआधी तसं स्पष्ट सांगते आणि वहीत सही घेते. आप्पांना हे सही प्रकरण पटत नाही, त्यांच्या काळी शब्द पुरायचा. पण त्यांच्या काळी पिक्चर ट्यूब बोटाच्या धक्क्याने फुटत नव्हती.

६५ इंचीसाठी फोन यायला लागलेत. १४४ सेंटिमीटर रुंद, ८१ उंच. ती काच दोन माणसांनी उचलायची नाही, तिसरा मध्ये हवा, आणि मांडववाल्याची टेबलं जोडून मधली फट राहते, ती या मापाला चालणार नाही. भाच्याचा एक मित्र यायला तयार आहे. घडीचं एकसंध टेबल सुताराला सांगितलंय, ते टेम्पोत बसेल अशा बेताने. ते आलं की घेईन.